सिलिकॉनचं बोट: नऊ महिने, आणि हळद

चवथीला सगळ्यांबरोबर पानावर बसून हाताने खतखतं-भात जेवले आणि संध्याकाळी बघते तर माझं सिलिकॉनचं कृत्रिम बोट पिवळं. साबण लावला, लिंबू चोळलं, काही उपयोग नाही. हळद सिलिकॉनमध्ये मुरते हे बोट देताना मला कोणीही सांगितलं नव्हतं, आणि गोव्यात हुमणाशिवाय, म्हणजे माशाच्या आमटीशिवाय, दिवस जातो का?

उजवी अनामिका छापखान्यातल्या कटिंग मशीनमध्ये मधल्या सांध्यापासून गेली. जानेवारीत १८,००० रुपये देऊन हे बोट करून घेतलं. काम अप्रतिम आहे. डाव्या अनामिकेवरून आधी मेणात कोरून मग सिलिकॉनमध्ये केलेलं, पेरावरच्या सुरकुत्यांसकट. नख वेगळं, अ‍ॅक्रिलिकचं. (नेलपेंट काढायला अ‍ॅसिटोन वापरू नका, नख खराब होतं.) गोंद लागत नाही. आतली पोकळी उरलेल्या बोटापेक्षा किंचित अरुंद असते, हवा निघून गेली की पक्कं बसतं. कडेवर अंगठी घातली की जोड दिसत नाही.

डागाबद्दल फोन केला तर उत्तर आलं, ‘डाग वॉरंटीत येत नाहीत, नव्याने रंगवायचे सहा हजार.’ फार वाईट वाटलं. तेव्हाच लिहिलं असतं तर कोणाला घ्याच म्हटलं नसतं.

पण माझ्या जावेने तिचा सिलिकॉनचा पिवळा झालेला उलथना दाखवला. खिडकीत उन्हात ठेवला की चार-पाच दिवसांत डाग जातो म्हणाली. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, हे हळदीचं लुगडं वाळत घालणाऱ्या कोणालाही माहीत आहे. पाऊस उघडल्यावर बोट रोज तासभर उन्हात ठेवलं. सहाव्या दिवशी डाग जवळजवळ गेला! सहा हजार वाचले.

मात्र ऊन बोटाचे मूळ रंगही हळूहळू फिके करतं, म्हणून हा उपाय डाग पडला तरच. आता जेवताना ते काढून डबीत ठेवते. पहिले दोन आठवडे लाज वाटली, आता नाही.

दुसरी अडचण मे महिन्यात कळली. स्कूटरवर हात काळवंडला, बोट मात्र जानेवारीतल्या रंगाचंच राहिलं. पुढचं बोट करायला घालीन तेव्हा रंग उन्हाळ्यात जुळवून घेईन, ट्यूबलाइटखाली नव्हे, दारात उभं राहून.