जुना लुडविग ॲक्रोलाइट: वर्षभराच्या वापरानंतर

जुना स्नेअर ड्रम (खालच्या बाजूला धातूच्या तारा ताणलेला ड्रम) घ्यायचा म्हटले की बहुतेक जण लुडविग या अमेरिकन कंपनीच्या सुप्राफोनिककडे वळतात, आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही. ध्वनिमुद्रणांत सर्वाधिक वाजलेला स्नेअर अशी त्याची ख्याती आहे. लेड झेपेलिनचा ड्रमवादक जॉन बॉनम याने साडेसहा इंच खोलीचा सुप्राफोनिक वाजवून ती आणखी वाढवली. मी मात्र त्याच कारखान्यातला, पण शिकाऊ मुलांसाठी काढलेला ॲक्रोलाइट घेतला. अमेरिकेतल्या शाळांच्या बँडमध्ये नाव घातलेल्या मुलांसाठी हा ड्रम स्टँड, काठ्या आणि सरावाचे पॅड यांच्यासह पेटीत घालून संच म्हणून विकला जाई, आणि शाळा संपली की ती पेटी तळघरात जाऊन पडे. मी इलिनॉयमध्ये राहतो; इकडे अशा पेट्या अजूनही विक्रीला निघतात. मला हा ड्रम दोनशे डॉलरच्या आत मिळाला.

दोन्ही ड्रमचे शेल (गोल कवच) अ‍ॅल्युमिनियमचे आणि मुळात एकच, म्हणजे सांधा नसलेले, पाच इंच खोल आणि चौदा इंच व्यासाचे. फरक आहे तो सुप्राफोनिकवरच्या क्रोमच्या मुलाम्यात आणि त्याच्या दहा लगमध्ये (ताणाचे रॉड ज्यांत फिरतात ते शेलवरचे तुकडे). ॲक्रोलाइटला आठच लग असतात आणि त्याचे अ‍ॅल्युमिनियम उघडेच, बारीक रेघांचे, राखाडी दिसते. खरेदी करणाऱ्याच्या दृष्टीने हा गरिबी थाट फायद्याचा आहे. अ‍ॅल्युमिनियमवर क्रोम नीट धरत नाही, त्यामुळे सत्तरच्या दशकातले कित्येक सुप्राफोनिक आज देवी आल्यासारखे खड्डे पडलेले दिसतात आणि एकदा मुलामा सुटू लागला की घरी काही करता येत नाही. ॲक्रोलाइटवर सुटण्यासारखे काही नाहीच.

माझ्या ड्रमवरचा बिल्ला निळा आणि ऑलिव्ह रंगाचा आहे, म्हणजे तो सत्तरच्या दशकातला. साठच्या दशकातल्या ड्रमवर कीस्टोनच्या, म्हणजे कमानीतल्या मधल्या दगडाच्या, आकाराचा बिल्ला असतो आणि त्याला विक्रेते बरेच जास्त पैसे मागतात. माझ्या कानाला त्या जादा पैशांचे कारण ऐकू आलेले नाही. बिल्ल्यावरच्या क्रमांकावरून नेमके वर्ष काढून देणाऱ्या विक्रेत्यावर फार विसंबू नये, कारण हे क्रमांक त्या कारखान्यात काटेकोर क्रमाने लागलेले नाहीत. लुडविग बंधूंनी १९०९ मध्ये शिकागोत सुरू केलेली ही कंपनी १९८१ मध्ये सेल्मर या वाद्यकंपनीकडे गेली आणि पुढे कारखाना नॉर्थ कॅरोलायनातल्या मन्रो येथे हलला, त्यामुळे बिल्ल्यावर शिकागोचे नाव असलेला ड्रम त्याआधीचा, एवढे समजले तरी पुष्कळ आहे.

घेताना रंगरूपापेक्षा तीन गोष्टींकडे अधिक लक्ष द्यावे असे माझे मत आहे. शेल गोल आहे का, हे मोजपट्टीने दोन-तीन दिशांनी व्यास घेऊन पाहावे. तळघरात वर ओझे ठेवलेले असेल तर अ‍ॅल्युमिनियम चेपते आणि हेड (वाजवायचा ताणलेला पडदा) कधीच एकसारखे ताणले जात नाही. दोन्ही हूप (हेड दाबून धरणारी धातूची कडी) काढून स्वयंपाकघरातल्या सपाट ओट्यावर ठेवावेत, म्हणजे कोणता डुगडुगतो ते लगेच कळते. आणि प्रत्येक टेन्शन रॉड (हेड ताणणारा स्क्रू) पूर्ण बाहेर काढून हातानेच परत फिरवून पाहावा. हे रॉड १२-२४ या अमेरिकी मापाच्या आट्यांचे, सुमारे साडेपाच मिलिमीटर जाडीचे असतात. रॉड हरवला असेल तर कोणी त्या जागी पाच मिलिमीटरचा मेट्रिक बोल्ट बसवलेला असतो. तो वरवर धरल्यासारखा वाटतो, पण ताण आला की लगमधले आटे खाऊन टाकतो. पुण्या-मुंबईत असा ड्रम कोणाकडून घेत असाल तर ही तपासणी टाळूच नका, कारण तिथे योग्य रॉड शोधण्यापेक्षा हार्डवेअरच्या दुकानातून जवळपासच्या मापाचा बोल्ट आणणे कुणालाही सोपे वाटते.

सफाईचे काम बहुतांशी कंटाळवाणे आहे. शेलला मी कोमट पाणी, भांड्यांचा सौम्य साबण आणि मऊ फडके याशिवाय काही लावले नाही. पितळेचे पॉलिश लावून तो आरशासारखा चकचकीत करण्याची हौस अनेकांना असते, पण त्या बारीक रेघा एकदा घासून गेल्या की परत येत नाहीत. आतल्या बाजूला काही पांढुरके, पिठूळ ठिपके होते. ते अ‍ॅल्युमिनियमचेच ऑक्साइड असते, आवाजावर त्याचा परिणाम नाही, म्हणून ते तसेच राहू दिले. हूपच्या पोलादावरचा गंज मात्र अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात भिजवून हळूहळू घासला असता चांगला निघाला: तपकिरी पाणी ओघळते, फॉइल काळी पडते आणि खालचे क्रोम वर येते. लग सोडवल्यावर प्रत्येकाच्या पोटात एक स्प्रिंग सापडते. ड्रम हलवला की बारीक किणकिण येत होती ती याच स्प्रिंगांची. प्रत्येकीत फेल्टचा छोटा तुकडा खुपसल्यावर ती थांबली.

स्ट्रेनर, म्हणजे खालच्या तारा हेडला लावणारी-सोडणारी यंत्रणा, पी-८३ जातीचा आहे. साधा, पत्र्याचा, आणि जुन्या ग्रीसचा लेप बसल्यामुळे माझ्याकडे आला तेव्हा त्याची कळ अर्ध्यात अडकत होती. तो उघडून रॉकेलसारख्या द्रावणात धुतला, शिवणयंत्राचे दोन थेंब तेल घातले आणि कळ खटकन बसू लागली. बाजारात याहून गुळगुळीत चालणारे नवे स्ट्रेनर मिळतात, पण बहुतेकांसाठी शेलला नवी भोके पाडावी लागतात आणि भोक पाडलेल्या जुन्या ड्रमची किंमत तिथेच उतरते. पैसे खर्च करायचे ते हेड आणि वायरवर करावेत. वरच्या बाजूला दहा मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाडीचे, एकपदरी, लेपाचे अँबॅसडर हेड, खाली तीन मिलचे पातळ स्नेअर-साइड हेड आणि वीस तारांची नवी वायर, एवढ्यावर माझे सत्तर-पंचाहत्तर डॉलर गेले आणि ड्रमच्या आवाजातला जवळजवळ सगळा बदल त्यातूनच आला.

आवाज कोरडा, आखूड आणि स्वच्छ आहे. आठच लग असल्यामुळे जुळवणी लवकर होते. खालचे हेड बरेच ताणून, वरचे मध्यम ठेवले की हलका हातही ऐकू येतो. माझा ड्रम बराचसा इथल्या मराठी मंडळींच्या गाण्याच्या कार्यक्रमांत वाजतो आणि तिथे त्याचा हा आखूडपणा फार उपयोगी पडला. लावणी किंवा कोळीगीत चालू असताना ढोलकीची चाट ज्या उंचीवर बोलते, साधारण त्याच उंचीवर स्नेअरची किनारही बोलते. पितळी शेलचा, लांब घुमणारा स्नेअर असला की दोघांची गर्दी होते आणि ढोलकीवाला वैतागून माइक जवळ ओढतो. ॲक्रोलाइट वाजून लगेच बाजूला होतो. हेडला आतून टेकून आवाज दाबणारा फेल्टचा तुकडा मी काढून पेटीत ठेवला आहे, कारण तो लावल्यावर ड्रम उगाच गुदमरतो. मोठ्या रॉक बँडमध्ये, दोन गिटार पूर्ण आवाजात असताना, हा ड्रम थोडा कमी पडतो हेही सांगायला हवे. ज्यांचे वादन प्रामुख्याने तसे आहे त्यांनी खड्डे पडलेला का होईना, साडेसहा इंची सुप्राफोनिकच पाहावा.

तक्रारी दोन आहेत. बास गिटारचे काही खालचे सूर लागले की तारा आपोआप खुळखुळतात. खालच्या हेडचे तारांजवळचे चार रॉड किंचित सैल केल्यावर ते कमी झाले, पूर्ण गेले नाही. दुसरी तक्रार रिमशॉटची (काठी हेड आणि हूप यांवर एकदम मारण्याची): जोरात आणि सतत रिमशॉट मारले की माझ्या समोरचा रॉड कार्यक्रमाच्या मध्यावर ढिला होतो. आठ लगच्या ड्रममध्ये एक रॉड सुटला की त्याचा परिणाम दहा लगपेक्षा लवकर ऐकू येतो. सध्या त्या एका रॉडवर तो सैल होऊ न देणारे प्लास्टिकचे लग-लॉक बसवले आहे आणि रॉड फिरवायची किल्ली खिशात असते.