दीड किलोमीटरवरून सोनं दाखवणारं यंत्र

आमचं शेत गोदाकाठी, नेवाशाच्या अलीकडे. शेताच्या उत्तरेला पांढर आहे, म्हणजे जुन्या वस्तीचं राखाडी मातीचं टेकाड. मोठा पाऊस पडून गेला की तिथे खापरं उघडी पडतात, मणी सापडतात, क्वचित शिशाचं सातवाहन नाणं. नेवाशाला १९५४ ते १९५६ या काळात पुरातत्त्वज्ञ डॉ. सांकलियांनी उत्खनन केलं होतं. त्यामुळे जमिनीत काहीतरी आहे, हे आमच्याकडे कुणाला पटवून द्यावं लागत नाही. मला फसवणाऱ्यांनी या खऱ्या गोष्टीवरच पाय ठेवला.

गेल्या उन्हाळ्यात मेव्हण्याच्या ओळखीने दोघे जण घरी आले. त्यांना माझ्याबद्दल सगळं माहीत होतं. मी शाळेत इतिहास शिकवतो, शिवराई म्हणजे मराठेशाहीतली तांब्याची नाणी जमवतो, अंधश्रद्धेविरुद्ध मुलांशी बोलतो. थोरल्याचं पहिलंच वाक्य होतं, "गुरुजी, पायाळू माणूस, अमावास्या, कोंबडं यातलं आमच्याकडे काही नाही. हे सायन्स आहे."

या वाक्याने मी सैल झालो. कुणी नारळ-लिंबू घेऊन आला असता तर मी त्याला ओट्यावरूनच परत पाठवला असता. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा मी वर्गात वाचून दाखवलेला आहे. पण काळ्या पेटीतलं स्क्रीन असलेलं यंत्र, त्याची अँटेना आणि मुठीत फिरणाऱ्या दोन पितळी काड्या पाहून माझ्या मनात शंका आली नाही. "दीड किलोमीटरवरून सोनं पकडतं, पंधरा मीटर खोल," असं ते म्हणाले.

खरा मेटल डिटेक्टर काय करतो ते तेव्हा माहीत असतं तर तिथेच थांबलो असतो. त्याची तबकडी जमिनीलगत फिरवावी लागते. तिच्यातल्या चुंबकीय लहरींमुळे धातूत वीज फिरते आणि तिची खूण तबकडीला परत मिळते. ही खूण खोलीबरोबर झपाट्याने क्षीण होते. रुपयाएवढं नाणं एक वीत, फार तर दीड वीत खोलीवर सापडतं. त्यात आपली काळी माती बेसाल्टची. तिच्यातल्या लोहखनिजांमुळे यंत्र उगाच किंचाळतं. पंधरा मीटरवरचं नाणं कुठल्याही यंत्राला दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी शेतात प्रयोग केला. थोरला काड्या धरून चालत गेला. बांधाजवळ काड्या एकमेकींवर आल्या. मीच टिकाव घातला. हातभर खाली पाच तांब्याची नाणी निघाली. "शिवकालीन!" तो म्हणाला. ती दुदांडी शिवराई होती, अक्षरांच्या ओळींमध्ये दोन रेघा असलेली, म्हणजे शिवकालानंतरची. ते मला दिसलं होतं. आनंदात मी तिकडे लक्ष दिलं नाही. माती आधीच उकरल्यासारखी मऊ होती, खणताना गवताचं एक मूळही लागलं नाही. नाण्यांवर हिरवा गंज नव्हता. हातात धरली तेव्हा त्यांना चिंचेचा वास येत होता. तांबं आपण चिंचेनेच घासतो. जुन्या बाजारात अशी साधी शिवराई स्वस्तात मिळते.

यंत्राचे १,६०,००० रुपये दिले. त्यातले एक लाख सोसायटीतून खरिपासाठी उचललेले होते. बिल मागितलं तर म्हणाले, "गुरुजी, कागद केला की कलेक्टरपर्यंत बातमी जाते. घरातही बोलू नका." सौ.ला मी खोटं सांगितलं.

तीन आठवडे पहाटे उठून अकरा खड्डे खणले. हाताला लागला फक्त फाळाचा एक तुकडा. त्यांचा फोन बंद झाला. बियाणं दुकानातून उधारीवर आणावं लागलं.

माझा एक जुना विद्यार्थी मोबाईल दुरुस्ती करतो. शेवटी त्याच्याकडे यंत्र नेलं. त्याने स्क्रू काढले. अँटेनाची तार आत गोंदाने चिकटवलेली होती, कशालाच जोडलेली नव्हती. स्क्रीन पेटवायला एक पट्टी, एक बॅटरी, आणि यंत्र जड लागावं म्हणून शिशाचा गोळा. "सर, यात पकडणारं काहीच नाही," तो खाली बघत म्हणाला.

मग त्याने पाच वाट्या उपड्या मांडल्या. मला बाहेर पाठवून एकीखाली अंगठी ठेवायचा आणि मला काड्या घेऊन शोधायला लावायचा. दहा वेळा केलं, दोनदा बरोबर आलं. पाचात एक, म्हणजे डोळे मिटून बोट ठेवलं असतं तरी तेवढंच. काडी मुठीत सैल फिरते, मनगट केसभर कललं की उताराकडे वळते. प्रयोगाच्या दिवशी थोरल्याला नाणी कुठे आहेत ते माहीत होतं.

असल्या यंत्रांनी सरकारंही फसली आहेत. जेम्स मॅककॉर्मिक या इंग्रजाने गोल्फचे चेंडू शोधायचं म्हणून विकल्या जाणाऱ्या स्वस्त खेळण्यावर बेतलेलं यंत्र स्फोटकं शोधणारं 'एडीई ६५१' म्हणून इराकला विकलं. तिथल्या नाक्यांवर ते वापरलं जात होतं. २०१३ मध्ये त्याला १० वर्षांची शिक्षा झाली.

तक्रार करायला मी दोन महिने लावले, कारण मीच गुन्हेगार आहे असं मला वाटत होतं. वकिलाने १८७८ चा निखात निधी कायदा, म्हणजे जमिनीत सापडणाऱ्या ठेव्याचा कायदा, समजावला. १० रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तर कलेक्टरला कळवायचं असतं. लपवलं तर शिक्षा आहे. कळवलं, आणि त्यावर कुणाचा हक्क सिद्ध झाला नाही, तर वेगळा करार नसल्यास सापडवणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जमीनमालकाला एक चतुर्थांश वाटा मिळतो. ते "बोलू नका" म्हणाले होते ते माझा वाटा वाचावा म्हणून नव्हे, मी पोलिसांकडे जाऊ नये म्हणून. पांढर संरक्षित असेल तर तिथे खणणं वेगळा गुन्हा आहे, आणि खणल्याने इतिहास कायमचा जातो. माझे खड्डे पांढरीपासून दहा पावलांवर थांबले, याचं मला बरं वाटतं.

पैसे परत मिळालेले नाहीत. तक्रारीची बातमी गावात फिरल्यावर शेजारच्या तालुक्यातला एक शेतकरी संध्याकाळी भेटायला आला. बराच वेळ काही बोलला नाही. चहा संपल्यावर त्याने खिशातून रुमाल काढून गाठ सोडली. आत पाच दुदांडी शिवराई होत्या.