पिग्मी शॅमेलिऑनची जोडी म्हणून मला रानातली पिल्लं विकली

मुंबईत कोणी तुम्हाला पिग्मी शॅमेलिऑनची (आफ्रिकेतल्या इवल्याशा, रंग बदलणाऱ्या सरड्याची) ‘ब्रीडिंग जोडी’ देऊ करत असेल, तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा. माझे 18,000 रुपये गेले. त्याहून वाईट म्हणजे कुठल्यातरी झाडावरून उचलून आणलेली, आपल्याकडच्या सरडगुहिऱ्याची, म्हणजे भारतीय शॅमेलिऑनची, दोन पिल्लं खोक्यात कोंबून माझ्या हातात दिली गेली.

मी बरीच वर्षं लेपर्ड गेको पाळते. इन्स्टाग्रामवर एकाने टांझानियातल्या बिअर्डेड पिग्मीचा फोटो टाकला होता. सुक्या पानासारखं अंग, हनुवटीखाली खवल्यांची बारीक दाढी, आखूड शेपूट. प्राणी अगदी खरा. “ताई, नर-मादी पक्के. हिरवा तो नर, तपकिरी ती मादी. परदेशी आहेत, कागद लागत नाहीत.” अर्धे पैसे आधी यूपीआयने घेतले, उरलेले दादर स्टेशनबाहेर रात्री खोका देताना. खोका चारी बाजूंनी टेपने बंद. “प्राणी घाबरतात, घरी जाऊनच उघडा,” म्हणाला.

घरी एक पिल्लू काडीवर चढलं आणि शेपटीचे दोन-तीन वेढे घालून घट्ट बसलं. तिथेच सगळं कळलं. पिग्मीची शेपूट आखूड असते, तिचे असे वेढे पडत नाहीत. ही तर जवळजवळ अंगाएवढी लांब होती. दुसऱ्या दिवशी ‘मादी’ दिव्याच्या उबेत हिरवीगार झाली आणि ‘नर’ तपकिरी पडला. शॅमेलिऑनचा रंग ऊब, उजेड आणि भीतीप्रमाणे बदलतो. असल्या रंगावरून नर-मादी सांगणारा माणूस सरळ खोटं बोलतो.

बिअर्डेड पिग्मीत नर-मादी ओळखायची ती शेपटीच्या बुडावरून. वयात आलेल्या नराचं बूड जाड आणि फुगीर असतं, कारण त्याची दोन लिंगं तिथे आत दडलेली असतात, आणि शेपूटही मादीपेक्षा लांब असते. मादीची शेपूट बुडापासूनच बारीक होत जाते, अंग मात्र गुबगुबीत. हे सगळं मोठ्या प्राण्यात दिसतं. इवल्याशा पिल्लांची ‘पक्की जोडी’ कोणी विकत असेल तर शेपटीच्या बुडाचा, खालच्या बाजूने काढलेला स्पष्ट फोटो मागा. मी मागितला तेव्हा “उद्या पाठवतो” म्हणाला, आणि तो उद्या आलाच नाही.

आणखी एक खूण. “पंख्याखाली ठेवा, मुंबईची हवा त्यांना मानवते,” असं तो छातीठोक सांगत होता. पिग्मी हा सावलीतल्या, दमट पालापाचोळ्यातला प्राणी. त्याला 20 ते 25 अंश लागतात, आपल्या मे महिन्यात एसीशिवाय तो जगणं कठीण. इथली हवा मानवणारा प्राणी इथलाच होता.

सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांनी पिल्लं बघताच सांगितलं, ही सरडगुहिऱ्याची, आणि या वयात नर-मादी तेही सांगू शकत नाहीत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा प्राणी संरक्षित आहे. विकणं तर गुन्हा आहेच, घरात ठेवणंही. मी लगेच वनविभागाच्या 1926 हेल्पलाइनवर फोन केला आणि पिल्लं त्यांच्या स्वाधीन केली. एक फारच अशक्त होतं, पाणीही पीत नव्हतं. त्याचा विचार अजून मनातून जात नाही.

“कागद लागत नाहीत” हेही धादांत खोटं. पिग्मींच्या ऱ्हॅम्फोलिऑन आणि रीपेलिऑन (बिअर्डेड पिग्मी यातलाच) या दोन गटांतल्या सगळ्या जाती 2016 मध्ये जोहान्सबर्गच्या परिषदेत साइट्सच्या (CITES, वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात घेतल्या गेल्या. आपल्याकडे 2024 च्या नियमांनुसार अशा प्राण्यांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते, पिल्लं झाली किंवा प्राणी दुसऱ्याला दिला तरी कळवावं लागतं. विक्रेत्याच्या नावावरची नोंदणी आधी बघा. ती नसेल तर बोलणं तिथेच थांबवा.

मी 1930 वर सायबर तक्रारही केली आहे. मला ब्लॉक करून तोच माणूस आता दुसऱ्या नावाने विकतोय, फोटो तोच. पिग्मी माणसाच्या अंगठ्यावर बसलाय आणि मागे निळा टॉवेल आहे. तो फोटो दिसला तर स्क्रीनशॉट काढा आणि 1926 ला कळवा.