जिना चढणारी ट्रॉली: घेण्याआधी पायरी मोजा

जुन्या वस्तीत गाडी बोळाच्या तोंडाशीच थांबते. तिथून तिसऱ्या मजल्यापर्यंत पाण्याचा कॅन असो की धान्याचं पोतं, सगळं हातानंच न्यावं लागतं, कारण लिफ्ट नसते आणि बसवायला जागाही नसते. अशा घरांसाठी ‘जिना चढणारी’ ट्रॉली विकली जाते. दोन्ही बाजूंना त्रिकोणी ब्रॅकेट आणि प्रत्येक ब्रॅकेटवर तीन चाकं. वस्तू कामाची आहे. पण ज्या घरांना तिची खरी गरज, नेमकी त्यांच्याच जिन्यावर ती अडते.

अडचण ब्रॅकेटच्या मापात आहे. ट्रॉली ओढली की पुढचं चाक पायरीच्या उभ्या भागाला टेकतं, ब्रॅकेट त्या चाकाभोवती फिरतो आणि वरचं चाक पुढच्या पायरीवर बसतं. ते नीट बसायला शेजारच्या दोन चाकांच्या मध्यांमधलं अंतर पायरीच्या उंचीपेक्षा किमान २ सेंमी जास्त हवं. पायरी १८ सेंमी आणि चाक १६ सेंमी व्यासाचं असेल, तर हे अंतर २० सेंमी लागतं. अंतर कमी पडलं की वरचं चाक कडेला घासतं, ब्रॅकेट फिरायचा थांबतो आणि ट्रॉली नुसती फरफटत वर येते. मग साधी दोन चाकांची काय वाईट होती?

खोक्यावर वजनाची मर्यादा ठळक असते, हे अंतर सहसा नसतं. त्यामुळे दुकानात टेप घेऊनच जावं. घरी एकच पायरी मोजून भागत नाही. जुन्या जिन्यात पहिली आणि शेवटची पायरी बऱ्याचदा वेगळी निघते, कारण मधल्या काळात कोणीतरी खाली किंवा वर नवी फरशी घातलेली असते. सगळ्यांत उंच पायरी धरायची.

ही ट्रॉली वजन कमी करत नाही, हेही माहीत असावं. २० लिटरचा भरलेला कॅन २० किलोंच्या वरच राहतो, वर चढवायचे कष्ट तेवढेच. फायदा इतकाच की धक्के कमी बसतात आणि पायरीगणिक दम खाता येतो. खोक्यावरची मर्यादा सपाट जमिनीची समजा, जिन्यासाठी तिच्या निम्मीच धरा. जड वस्तू तळाशी आणि दांड्याला चिकटून ठेवा. बांधायला इलॅस्टिक दोरी नको. प्रत्येक पायरीला ती ताणते आणि तिसऱ्या-चौथ्या हिसक्याला सामान पुढे कलंडतं. बकलचा न ताणणारा पट्टा घ्या. चढताना-उतरताना माणूस कायम वरच्या बाजूला, ट्रॉली खाली. तिच्या खाली मदतीला कोणी उभं राहायचं नाही. ब्रेक नसतो.

वळणाच्या, पंख्यासारख्या पायऱ्यांवर आतल्या बाजूच्या चाकांना टेकायला जागाच मिळत नाही, ट्रॉली तिरकी होते. तेवढ्या तीन-चार पायऱ्या सरळ उचलून न्या. हट्ट केला तर ब्रॅकेट पिळवटतो.

सपाटीवर ती तितकीशी बरी नाही. प्रत्येक बाजूची दोन चाकं एकदम जमिनीवर असल्यानं वळवताना घसटतात, दगडी फरसबंदीवर ब्रॅकेट पुढे-मागे डुलतो आणि अरुंद चाक गटाराच्या जाळीत अडकतं. बोळ लांब आणि जिना लहान असेल तर २५ सेंमी किंवा त्याहून मोठ्या चाकांची साधी ट्रॉली निःसंशय चांगली.

घेताना प्रत्येक चाक हातानं फिरवा आणि बाजूला हलवून पाहा. आस आणि चाक यांच्यामधला प्लॅस्टिकचा बुश झिजला की चाक डगमगतं, मग टोकाची दाबून बसवलेली टोपी किंवा सर्क्लिप (आसाच्या खाचेत बसणारी कडी) निसटते आणि चाक थेट खालच्या मजल्यावर. ब्रॅकेट पत्र्याचा घ्या. प्लॅस्टिकचा मधल्या भोकापाशी तडकतो. कडक प्लॅस्टिकची चाकं लाकडी जिन्यावर सगळ्या इमारतीला जागं करतात. फोमची शांत असतात, पण खडीनं कापली जातात. पॉलियुरेथेनची, म्हणजे रबरासारख्या चिवट प्लॅस्टिकची, दोन्ही बाबतींत बरी. दांडा सरकता असेल तर पूर्ण ओढून त्यावर जोर देऊन बघा, खुळखुळला तर नको. तोकड्या दांड्यानं जिन्यावर वाकून ओढावं लागतं आणि कंबर धरते.

आसाला ग्रीस लावू नका, धूळ धरते. गुंडाळलेले केस आणि दोरे महिन्यातून एकदा कात्रीनं कापून काढा, निम्मी कुरकुर तेवढ्यानंच थांबते. आणि ट्रॉलीबरोबरच दोन जादा चाकं मागून घ्या. व्यास जुळला तरी आसाचं भोक जुळेलच असं नाही, आणि एका चाकासाठी अख्खी ट्रॉली टाकावी लागते.