विश्रामबागेतला ‘स्टीलहेड’: मासा चांगला, पाकीट अपुरं

गेल्या महिन्यात सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका फ्रोझन मासळीच्या दुकानातून दोन मासे आणले. एक पाकीटबंद तुकडा, २५० ग्रॅम, कातडीसकट, गर्द भगवा. पाकिटावर मोठ्या अक्षरात ‘स्टीलहेड’, किंमत ७८० रुपये. दुसरा हिमाचलातून आलेला अख्खा रेनबो ट्राउट, डोक्या-शेपटीसकट पावणेतीनशे ग्रॅम, तुकड्याच्या निम्म्याहून कमी पैशात. दोन्ही एकाच वेळी घेतले ते मुद्दाम.

दुकानदार तरुण आहे, बोलायला गोड. म्हणाला, “काका, रेनबो गोड्या पाण्यातला आणि ह्यो समुद्रातला. दोन्ही जाती वेगळ्या. रंगावरनंच कळतंय की.”

एकतीस वर्षं कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून काढली आहेत, त्यामुळे हे ऐकून गप्प बसवलं नाही. त्याला काउंटरवर सांगितलं तेच इथं सविस्तर लिहितो, कारण याच वाक्यावर गिऱ्हाईक दुप्पट पैसे मोजतं.

जात एकच आहे. शास्त्रीय नाव ऑन्कोरिंकस मायकिस. आमच्या संग्रहालयात ट्राउटची एक बरणी होती, तिच्यावर जुनं नाव होतं, साल्मो गेर्डनेरी. १९८९ साली नाव बदललं. रशियातल्या कामचटकाचा ट्राउट आणि अमेरिकेतला रेनबो हे एकच निघाले, म्हणून आधी दिलेलं ‘मायकिस’ ग्राह्य धरलं. आणि नातं पॅसिफिकच्या सामन (सॅल्मन) माशांशी जवळचं ठरलं, म्हणून प्रजातीही, म्हणजे नावातला पहिला शब्दही बदलला. बरणीवरची नवी चिठ्ठी मी माझ्या हातानं चिकटवली आहे.

मग फरक कशाचा? प्रवासाचा. पॅसिफिकला मिळणाऱ्या नद्यांत पिल्लं जन्मतात. काही तिथंच राहतात, ते रेनबो. काही वर्ष-दोन वर्षं, कधी त्याहून जास्त नदीत काढून समुद्राकडे निघतात, अंगावरचे पट्टे जाऊन चंदेरी होतात, समुद्रात खाऊन-पिऊन दणकट होतात आणि अंडी घालायला नदीत परततात, ते स्टीलहेड. पॅसिफिकचे बहुतेक सामन एकदा अंडी घालून मरतात. स्टीलहेड जगला तर पुन्हा समुद्रात जातो, पुन्हा येतो. आणि नदी न सोडलेल्या आईचं पिल्लू समुद्रावर जाऊ शकतं, समुद्रावरून आलेल्या आईचं पिल्लू नदीतच राहू शकतं. सख्खी भावंडं, एक गावात राहिलं, एक मुंबईला गेलं, तसं.

समुद्रातून नुकताच आलेला स्टीलहेड ओळखता येतो: लांबट, चकचकीत चांदीसारखा, ठिपके बहुतेक पाठीकडे. पण नदीत काही महिने काढले की त्याच्याही अंगावर गुलाबी पट्टा उमटतो, पाठ हिरवट होते, आणि मग नुसत्या डोळ्यांनी सांगणं अवघड होतं. वॉशिंग्टन राज्यात तर मासेमारीच्या नियमांनी हा प्रश्न फूटपट्टीनं सोडवला आहे. २० इंचांपेक्षा मोठा असेल तर तो स्टीलहेड धरायचा.

मांसाच्या रंगावरून मात्र काहीच ठरत नाही. भगवा रंग येतो ॲस्टाझँथिन नावाच्या रंगद्रव्यामुळे. रानातल्या माशाला तो झिंग्यासारख्या जिवांतून मिळतो, पाळलेल्याला खाद्यातून देतात. हिमाचलच्या माशाला तेच खाद्य दिलं तर तोही भगवा होईल.

आता पाकिटाची तक्रार. पुढच्या बाजूला ‘स्टीलहेड’ आणि नदीतून उडी मारणारा मासा, त्याच्या अंगावर ठसठशीत गुलाबी पट्टा. मागं बारीक अक्षरात मजकूर, आणि त्यावरच किमतीचं स्टिकर चिकटवलेलं. घरी कोमट पाण्यात कडा भिजवून स्टिकर अलगद सोडवलं, तेव्हा खाली दिसलं: फार्म्ड, नॉर्वे. म्हणजे रेनबोच. नॉर्वेत पिल्लं गोड्या पाण्यात काढतात आणि पुढे समुद्रातल्या जाळीच्या पिंजऱ्यात वाढवतात. हा मासा समुद्रात गेला नाही, नेऊन सोडलाय. भगव्या मांसाच्या, मोठ्या वाढवलेल्या रेनबोला ‘स्टीलहेड’ म्हणून विकायची रीत अमेरिकेतल्या बाजारातही आहे. मासा वाईट नाही, पण त्या चित्रातला मासा तो नव्हे.

कातडीवर खवले शिल्लक होते. चिमट्यानं तीन काढले, कॉलेजात जाऊन ओळखीच्या मुलांकडून दहा मिनिटं सूक्ष्मदर्शक मागून घेतला. पहिले दोन मधोमध कोरे. जुना खवला गळून नवा आला की असं होतं, आधीची नोंद त्यात नसते. तिसरा पूर्ण निघाला. झाडाच्या खोडासारखी वलयं. नदीतून समुद्रात गेलेल्या रानटी माशाच्या खवल्यात मध्यभागी वलयं दाट असतात आणि समुद्रात वाढ झपाट्यानं झाली की पुढे एकदम विरळ होतात. या तिसऱ्यात तसा ठळक बदल दिसला नाही. जवळजवळ सगळीकडे सारखी, ऐसपैस वलयं, भरपूर खाद्य मिळालेल्या जिवाची. एका खवल्यावर मी निकाल देत नाही, पण स्टिकरखालच्या मजकुराशी ते जुळत होतं.

चवीबद्दल. निम्म्या तुकड्याला बायकोनं कांदा-लसूण चटणी लावली, त्यात माशाची चव बुडाली. उरलेल्या अर्ध्याला फक्त हळद, मीठ, लिंबू. तेल अगदी थोडं, कातडी खाली ठेवून तवा झाकला नाही. माशाचंच तेल सुटलं, कातडी पापडासारखी कुरकुरीत झाली, आत रसाळ. हा मासा असाच करावा. हिमाचलचा अख्खा ट्राउट फिकट, नाजूक, कमी तेलकट. त्याला रवा लावून तळला, काटे सहज सुटले, नातवानं एकट्यानं अर्धा संपवला. आमच्या घरी पुन्हा तोच येईल.

दुकानाचं कौतुकही करायला हवं. दोन्ही मासे दगडासारखे गोठलेले मिळाले, पाकिटात बर्फाचा चुरा नव्हता, म्हणजे मधे वितळून पुन्हा गोठवलेले बहुधा नव्हते. न मागता बर्फाची पिशवी दिली. सांगलीच्या मे महिन्यात याची किंमत कळते.

पुन्हा गेलो तेव्हा त्याला स्टिकर सोडवलेलं पाकीट दाखवलं. रावसाला आपल्याकडे इंग्रजीत ‘इंडियन सामन’ म्हणतात, पण सामनशी त्याचं काही नातं नाही, हेही सांगितलं. त्यानं नीट ऐकून घेतलं आणि फ्रीझरमधल्या उरलेल्या पाकिटांवरची स्टिकरं माझ्यासमोर काढून पुढच्या बाजूला, चित्रावर लावली. घ्यायचा तर कातडीसकटच घ्या, आणि मागचा मजकूर आधी वाचा. कातडी काढलेल्या तुकड्यावर ‘स्टीलहेड’ लिहिलं असेल तर त्या शब्दासाठी मी जास्तीचा एक रुपया देणार नाही.