वक्तृत्वाच्या सरावासाठी शुअर एसएम ५८: शाळेने, मंडळाने घ्यावा का?

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी शाळांत वक्तृत्व स्पर्धेची तयारी बघा. भाषण तोंडपाठ असतं, हातवारे बसवलेले असतात, आणि माईक मात्र मूल पहिल्यांदा हातात धरतं ते थेट व्यासपीठावर. स्पीकरच्या बॉक्समधून आपलाच आवाज मोठा होऊन कानावर आला की दुसऱ्याच वाक्याला गाडी अडते. पाठांतर कच्चं असतं म्हणून नव्हे, आवाज परका वाटतो म्हणून. त्यामुळे शाळेने किंवा गल्लीतल्या मंडळाने सरावासाठी स्वतःचा एक वायरचा माईक ठेवावाच. त्यात शुअर कंपनीच्या एसएम ५८ या हातात धरायच्या माईकला आमचं पहिलं मत.

हे मॉडेल १९६६ पासून बाजारात आहे. डायनॅमिक माईक, म्हणजे आवाजाच्या हादऱ्यानेच संकेत तयार करणारा, असल्यामुळे सेल लागत नाही, मिक्सरवरून (माईकचा आवाज कमी-जास्त करण्याच्या यंत्रावरून) वेगळी वीजही द्यावी लागत नाही. वजन २९८ ग्रॅम. साध्या प्रकाराला बटण नसतं, आणि वक्त्याच्या दृष्टीने हे चांगलंच. बटणाच्या माईकवर ‘अध्यक्ष महोदय’ बंद माईकमध्येच विरून जाण्याचा प्रकार स्पर्धांमध्ये नेहमीचा आहे.

खरी परीक्षा मराठीच्या महाप्राण अक्षरांची. तळहात तोंडासमोर धरून ‘भ’, ‘फ’, ‘ख’ म्हणा, वाऱ्याचा झोत हाताला लागतो. ‘म’, ‘ल’ म्हणताना तो लागत नाही. ‘सीमाभागातल्या बंधुभगिनींनो’ या एका संबोधनात हा झोत तीनदा येतो आणि बॉक्समधून ‘ढप्प’ असा आवाज निघतो. जाळीच्या आतला स्पंज तो थोडाफार अडवतो, पूर्ण नाही. उपाय धरण्यात आहे. माईक हनुवटीच्या उंचीवर, तोंडापासून चार बोटं लांब आणि तिरका वर धरायचा, म्हणजे झोत जाळीवरून निघून जातो. ओठ टेकवून बोललं तर खर्ज वाढतो, आवाज भारदस्त वाटतो, पण शब्द एकमेकांत मिसळतात. पत्र्याच्या शेडमध्ये तर मागच्या रांगेला नुसतं घुमणं ऐकू येतं. मिक्सरवर लो-कटचं, म्हणजे खर्जाचा आवाज कापणारं, बटण असेल तर दाबून ठेवा. वरच्या पट्टीचा आवाज हा माईक मुळातच जरा उठावदार देतो, त्यामुळे ‘स’, ‘श’, ‘च’ स्वच्छ येतात.

हा माईक समोरचा आवाज घेतो आणि पाठीमागचा बराचसा सोडून देतो. म्हणून बॉक्स वक्त्याच्या पुढे, माईकच्या पाठीकडे हवेत. मंडपात जागा नाही म्हणून ते वक्त्याच्या मागे लावले की बॉक्समधून कर्कश शिट्टी ठरलेली. शिट्टीचं दुसरं कारण हाताचं: जाळी मुठीत धरली की माईकचा हा गुणच जातो. धरायचा तो दांडा, जाळीच्या खाली.

उणिवाही आहेत. एक वीत लांबून हळू बोललं की आवाज पातळ येतो, आणि मिक्सरवरचा गेन (माईकचा आवाज वाढवण्याची कळ) वाढवावा तर पंख्याचा आवाजही वाढतो. हळू आवाजाच्या मुलांना जवळून बोलण्याची सवय लावावीच लागते. पाचवी-सहावीतल्या मुलांचा हात तिसऱ्या मिनिटाला खाली येऊ लागतो आणि आवाजही त्याबरोबर उतरतो, तेव्हा त्यांना स्टँडच द्या. पण स्टँडवर असताना प्रमुख पाहुण्यांकडे मान वळवली की वाक्याचा शेवट हरवतो. तिथे मान नव्हे, पाय सरकवायचे, तोंड जाळीसमोरच ठेवायचं.

सरावाला निदान पंधरा दिवस द्या. पहिले चार दिवस भाषण नकोच, नुसतं नाव, गाव आणि पहिली दोन वाक्यं, बॉक्स लावून. स्वतःचा आवाज कानाला सवयीचा होईपर्यंत पुढे जाऊ नये. मग माईकपाशी येऊन तीन अंक मोजून सुरुवात, आणि परिच्छेद संपला की तेवढीच विश्रांती. घुमणाऱ्या हॉलमध्ये पाच मिनिटांसाठी ५०० ते ५५० शब्द पुरे. मुलं ७०० लिहून आणतात आणि शेवटच्या मिनिटात नुसती धावतात. शेवटचे तीन दिवस मोठ्या पटांगणात, मागच्या कोपऱ्यात एक जण वही घेऊन बसवावा. त्याला न कळलेला प्रत्येक शब्द त्याने लिहायचा. हीच यादी दुसऱ्या दिवशीचा अभ्यास. ती वाचली की कळतं, बहुतेक शब्द वाक्याच्या शेवटचे असतात, कारण तिथे श्वास संपलेला असतो.

माईक चालू आहे का बघायला फुंकर मारू नका, टिचकीही नको, पहिलं वाक्य म्हणा. एकाच माईकवर चाळीस मुलं बोलतात आणि खानापूरकडच्या पावसात आतला स्पंज कुबट होतो. जाळी फिरवून निघते. स्पर्धेनंतर ती कोमट साबणपाण्यात मऊ ब्रशने धुवा आणि पूर्ण सुकल्याशिवाय परत लावू नका. उरलेल्या भागाला पाणी लागता कामा नये.

किंमत दहा हजारांच्या घरात आहे. शाळेला, मंडळाला परवडेल, एकट्या विद्यार्थ्याने एवढा खर्च करू नये. साध्या डायनॅमिक माईकवरही वरच्या सगळ्या सवयी लागतात. नकली माल फार आहे, म्हणून अधिकृत विक्रेत्याकडून बिलासकट घ्या आणि किराणा दुकानाच्या काट्यावर वजन करून बघा. वजनात मोठा फरक दिसला तर परत करा. वायर बहुतेक वेळा वेगळी घ्यावी लागते. दोन्ही टोकांना तीन पिनांची असेल तर उत्तम. जुन्या अँप्लिफायरला पाव इंची जॅक लागत असेल तर ती वायर पाच-सहा मीटरपेक्षा लांब नको, नाहीतर गुणगुण येते.