लेटन्सीमॉन: घरच्या संगणकातील टकटकीचा माग काढणारे साधन

दर्यापूर तालुक्यातील आमच्या गावात दर गुरुवारी रात्री सामुदायिक प्रार्थनेनंतर खंजिरीवर भजने होतात आणि ती माझ्या घरच्या संगणकावर ध्वनिमुद्रित करण्याचे काम मंडळाने गेल्या वर्षापासून माझ्याकडे सोपवले आहे. सामग्री साधीच आहे: असेंबल केलेला डेस्कटॉप, दोन माइक लागतील असा यूएसबी ऑडिओ इंटरफेस आणि रीपर हे ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर. सुरुवातीचे काही आठवडे काम सुरळीत चालले. पुढे मात्र आवाजात मधूनमधून टकटक येऊ लागली.

"गुरुजी, हे मशीन मधातच टकटक काऊन करून राह्यलं?" असे मंडळातील एका ज्येष्ठ काकांनी हेडफोन काढून विचारले, तेव्हा माझ्यापाशी उत्तर नव्हते. ती टकटक खंजिरीच्या थापेला खेटूनच येत असल्याने दोष खंजिरीच्या चकत्यांचा असावा असे मला बरेच दिवस वाटत राहिले. शेवटी ध्वनीचा आलेख पडद्यावर मोठा करून पाहिला, तर रेघ मध्येच सुरीने कापल्यासारखी तुटलेली आणि पुढचा तुकडा तिला भलतीकडूनच जोडलेला. चामड्यातून किंवा पितळेतून असा आवाज निघत नाही. आवाजाचा मधला तुकडाच संगणकाच्या आत हरवलेला असतो.

तालुक्याच्या ठिकाणच्या एका दुकानात सीपीयू नेऊन दाखवला. तेथील तंत्रज्ञाने तासभर गाणी वाजवून पाहिली, टकटक काही आली नाही, तरीही "सर, फॉरमॅट मारून देतो, आणि जमलं तर रॅम वाढवा" असा सल्ला देऊन त्याने विंडोज नव्याने टाकून दिले. पाचशे रुपये गेले आणि घरी आणून जोडल्याबरोबर टकटक परत आली. दुकानात ती का आली नाही याचे उत्तर मला पुढे लेटन्सीमॉनने दिले: मी दुकानात फक्त सीपीयू नेला होता आणि वायफायचे डोंगल घरी टेबलावरच राहिले होते.

लेटन्सीमॉन हा रेस्प्लेंडन्स सॉफ्टवेअर या कंपनीचा विंडोजसाठीचा प्रोग्राम असून घरगुती वापराची आवृत्ती मोफत मिळते. डाउनलोड इतके लहान आहे की आमच्या गावच्या मोबाइल नेटवरही ते चहा होईपर्यंत उतरले. हा प्रोग्राम नेमके काय मोजतो हे आधी समजून घेतले नाही, तर पुढचे आकडे निरर्थक वाटतील. संगणकाला जोडलेले प्रत्येक उपकरण, मग ते वायफाय असो, डिस्क असो वा ग्राफिक्स कार्ड, काम निघाले की प्रोसेसरला हाक मारते. या हाकेला इंटरप्ट म्हणतात. उपकरणाच्या ड्रायव्हरने, म्हणजे ते उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रामने, त्या क्षणी अगदी जुजबी काम उरकावे आणि उरलेले काम डीपीसी, म्हणजे डिफर्ड प्रोसिजर कॉल, या पुढच्या टप्प्यात करावे अशी विंडोजची रचना आहे. अडचण अशी की डीपीसी चालू असेपर्यंत प्रोसेसरच्या त्या कोअरवर, म्हणजे काम करणाऱ्या त्या भागावर, दुसरा कोणताही साधा प्रोग्राम, त्याला कितीही वरचे प्राधान्य दिलेले असले तरी, पाऊल ठेवू शकत नाही. म्हणूनच मायक्रोसॉफ्टने ड्रायव्हर लिहिणाऱ्यांसाठी डीपीसीला 100 मायक्रोसेकंदांची, म्हणजे 0.1 मिलिसेकंदाची, मर्यादा सुचवलेली आहे. एखाद्या ड्रायव्हरने ती धुडकावून त्या कोअरवर ठाण मांडले, तर ध्वनीच्या प्रोग्रामला वेळेवर काम करता येत नाही, बफर, म्हणजे आवाज क्षणभर साठवून ठेवणारा कप्पा, रिकामा पडतो आणि आपल्याला टक असा आवाज ऐकू येतो.

माझा बफर 128 सॅम्पलचा, म्हणजे आवाजाच्या 128 नमुन्यांचा, होता. 48,000 हर्ट्झच्या ध्वनिमुद्रणात 128 सॅम्पल म्हणजे सुमारे 2.7 मिलिसेकंद, आणि एवढीच काय ती सवड. बफर 1024 केला की सवड 21 मिलिसेकंदांच्या पुढे जाते आणि टकटकही बहुधा थांबते. पण मग गाणाऱ्याला हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज मागाहून ऐकू येतो आणि खंजिरीवाला लय सोडतो. टास्क मॅनेजर या बाबतीत काहीच कामाचा नाही. त्यात प्रोसेसरचा वापर दहा-बारा टक्केच दिसत होता, कारण तो सरासरी दाखवतो आणि चार-पाच मिलिसेकंदांचा अडथळा सरासरीत विरघळून जातो.

लेटन्सीमॉन उघडून वरचे हिरवे बटण दाबले की मोजणी सुरू होते. पहिल्या पाच मिनिटांत सर्व काही हिरवे दिसले आणि संगणक ध्वनीच्या कामासाठी योग्य असल्याचा निर्वाळाही मिळाला. येथे घाई करून प्रोग्राम बंद करणाऱ्यांची फसगत होते. मी तो तसाच चालू ठेवला. घरातले इंटरनेट माझ्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालते. मुलगा फोन घेऊन बोलत बोलत अंगणाच्या टोकाला गेला, हॉटस्पॉट तुटला, डोंगल पुन्हा नेटवर्क धुंडाळू लागले आणि त्याच घटकेला लेटन्सीमॉनची पट्टी लाल झाली. 'ड्रायव्हर्स' या टॅबमध्ये सर्वाधिक वेळ दाखवणाऱ्या स्तंभाच्या मथळ्यावर क्लिक करून यादी लावली, तर सर्वांत वर नाव होते एनडीआयएस डॉट सिस, आणि त्यापुढचा आकडा चार मिलिसेकंदांच्या वर.

या प्रोग्रामविषयी माझी खरी तक्रार नेमकी येथे सुरू होते. एनडीआयएस ही विंडोजची स्वतःचीच फाइल आहे. नेटवर्कच्या सर्व कार्डांचे ड्रायव्हर तिच्या अंगणातून ये-जा करतात आणि त्यांनी लावलेला वेळ बऱ्याचदा तिच्या नावावर चढतो. अनुभव नसलेला माणूस हे नाव पाहून विंडोजच बिघडले असे समजतो आणि पुन्हा फॉरमॅटकडे वळतो, म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. पुष्कळ उपकरणांचे ड्रायव्हर ज्या चौकटीवर उभे असतात ती डब्ल्यूडीएफ, डिस्कसाठीची स्टोअरपोर्ट, ग्राफिक्ससाठीची डीएक्सजीकर्नल या फायलींच्या बाबतीतही हाच घोळ होतो. लेटन्सीमॉन चोरी कोणत्या आळीत झाली एवढे खात्रीने सांगतो. आळीतले कोणते घर, हे आपल्याला शोधावे लागते.

शोध मात्र अवघड नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डोंगल 'डिसेबल' केले आणि तासभर मोजणी चालू ठेवली, तर पट्टी एकदाही लाल झाली नाही. डोंगल पुन्हा चालू केले आणि मुलाला मुद्दाम फोन घेऊन अंगणात पाठवले, तर पट्टी पुन्हा लाल. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि तीच मोजणी पुन्हा करायची, एवढे पथ्य पाळले की दोषी उपकरण सापडतेच. मग ड्रायव्हर मागे न्यावा म्हणून 'रोल बॅक ड्रायव्हर' हे बटण पाहिले, तर ते करडे, दाबताच येईना. फॉरमॅटमध्ये आधीचा ड्रायव्हर पुसला गेला होता! विंडोजच्या यादीतून त्याच डोंगलचा जुना ड्रायव्हर निवडल्यावर आकडा निम्म्यावर आला. पण माझ्या 2.7 मिलिसेकंदांत त्याच वेळी ध्वनीचेही काम व्हायचे असते, त्यामुळे तेवढ्याने टकटक कमी झाली, थांबली नाही. शेवटी डोंगलच काढून टाकले आणि इंटरनेट लागेल तेव्हा फोन यूएसबीने जोडून टेदरिंग करू लागलो. ध्वनिमुद्रणाच्या वेळी तर इंटरनेटची गरजच नसते.

पट्टी लाल झाली की लेटन्सीमॉन जो सल्ला देतो, तो सर्वांना सारखाच असतो: प्रोसेसरचा वेग कमी-जास्त करणारी वीजबचत बंद करा, बायोसचा (मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रामचा) अपडेट पाहा. यातला पहिला भाग विदर्भात जपून अमलात आणावा. विंडोजच्या वीजबचतीतली किमान प्रोसेसर स्टेट 100 टक्के ठेवली, म्हणजे प्रोसेसरला वेग कमी करूच दिला नाही, की यंत्र सतत तापत राहते, आणि पारा 45 अंशांवर गेलेल्या मे महिन्यात टिनाच्या खोलीत तापलेला प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, म्हणजे ज्यासाठी हा खटाटोप केला तेच हातचे जाते. मी विंडोजचा 'हाय परफॉर्मन्स' हा वीजवापराचा पर्याय फक्त भजनाच्या दोन तासांपुरते लावतो. बायोस अपडेट तर इन्व्हर्टर किंवा यूपीएस नसलेल्या घरी करूच नये. मध्येच लाइन गेली तर मदरबोर्ड कायमचा निकामी होऊ शकतो, आणि आमच्याकडे लाइन केव्हा जाईल याचा नेम नाही.

बाकीच्या उणिवा किरकोळ आहेत. सर्व मजकूर इंग्रजीत आहे आणि तासाभरातल्या एकाच उसळीवरूनही निकाल लाल होऊ शकतो, त्यामुळे सर्वाधिक आकड्याबरोबर तो किती वेळा आला हेही पाहावे लागते. हार्ड पेजफॉल्टची, म्हणजे रॅममध्ये नसलेली माहिती किती वेळा डिस्कवरून आणावी लागली याची, मोजणी उपयोगी आहे. माझ्या 4 जीबी रॅमच्या यंत्रात ब्राउझर उघडा राहिला की हा आकडा भराभर चढतो, एवढे तिच्यामुळे कळले. डीपीसी लेटन्सी चेकर नावाचा जुना प्रोग्राम अजूनही काही जण सुचवतात, पण विंडोज 8 पासून पुढे त्याचे आकडे विश्वासार्ह नाहीत. ज्यांना आळीतल्या त्या घरापर्यंत, म्हणजे नेमक्या दोषी ड्रायव्हरपर्यंत, पोहोचायचेच आहे त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टचा मोफत विंडोज परफॉर्मन्स अ‍ॅनालायझर आहे. त्यात कोणत्या ड्रायव्हरच्या कोणत्या कामाने वेळ घेतला ते दिसते, मात्र तो शिकायला आठवडा द्यावा लागतो.

आता गुरुवारी मंडळी पोहोचण्याच्या अर्धा तास आधी मी लेटन्सीमॉन लावून ठेवतो. मागच्या महिन्यात विंडोजच्या अपडेटनंतर पट्टी पुन्हा लाल झाली, तेव्हा यादीत वर होता ग्राफिक्सचा ड्रायव्हर. या वेळी 'रोल बॅक'चे बटण करडे नव्हते आणि काका हातपाय धुऊन सतरंजीवर बसेपर्यंत काम झालेही होते.